सीमंतिनीपदाचा राजीनामा

२ नोव्हेंबर, रविवार

अपूर्वचं लग्न ठरलं. चार डिसेंबर. व्याही संभाजीराव सकाळीच इथल्याच दौलतगंजहून तीळगुळाच्या गजकाचा डबा घेऊन आले, बरोबर श्रुती. मुलगी मला आवडते. खळखळून हसते, केस मुलांसारखे बारीक कापलेले आहेत, आणि आमच्याकडे आली की चहा स्वतः उठून करते. ती आणि अपूर्व नोएडाला एकाच कंपनीत आहेत. सध्या तयारीसाठी ती इथूनच काम करते आहे.

सगळं गोड चाललं होतं. पाहुणे गेले. माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पेल्यातला चहा संपवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चला सूनबाई. आता नाव द्यायचं."

माझ्या हातातला ट्रे तसाच राहिला. हे मी विसरले कशी होते?

लग्नात लक्ष्मीपूजनाच्या वेळी नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, ते सगळ्यांकडेच. आमच्या पोतनीसांकडे त्याला एक शेपूट आहे. थोरल्या सुनेचं नाव सीमंतिनीच, आणि घरात सीमंतिनी एका वेळी एकच. नवी आली की जुनीने तिला पेढा भरवायचा, "आजपासून तू" म्हणायचं आणि आपण माई व्हायचं. आधीच्या माई असतील तर त्या मोठ्या माई. पगार न वाढता बढती.

इथे खरं लिहायला काय हरकत आहे? मला माई व्हायचं नाही. माई म्हटलं की गुडघे दुखायला लागतात.

मी उज्जैनची शामला. शामला म्हणजे सावळी, आणि माहेरच्या प्रत्येक मावशीने ते नाव घेताना एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघून खात्री करून घ्यायचीच. इथे आले, तांदळात 'सीमंतिनी' लिहिलेलं पाहिलं आणि वाटलं, ही कोणीतरी मोठी बाई दिसते. मग मी तीच झाले. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे गावाच्या आमच्या भागातल्या, लष्करातल्या, अर्ध्या मुली मला 'सीमंतिनी मैडम' म्हणून ओळखतात. घरात मात्र हे 'अगं' म्हणतात, अपूर्व 'आई' आणि माई 'सूनबाई'. माईंनी चौतीस वर्षांत एकदाही नावाने हाक मारलेली नाही. जुन्या वळणाच्या आहेत.

४ नोव्हेंबर, मंगळवार

युक्ती सुचली. रात्री जेवताना अपूर्वला व्हिडिओ कॉल लावला आणि जाहीर केलं, "आजकालच्या मुलींची नावं बदलणं मला पटत नाही. श्रुती श्रुतीच राहील."

अपूर्वचे डोळे भरून आले. म्हणाला, "आई, तू किती पुढारलेली आहेस!"

ह्यांनी (श्रीपाद पोतनीस, वीज खात्यातून निवृत्त) पोळीचा घास तसाच धरून विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुझी?"

 माई माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पत्रिकेचा नमुना फोनवर आला. माईंनी भिंग लावून वाचला आणि विचारलं, "निमंत्रकांत मी कुठे आहे?"

"ह्या काय. 'श्रीमती माई पोतनीस'."

"माई हे काय नाव झालं? लोक मांजरालासुद्धा नाव देतात."

मी म्हटलं, "मग माहेरचं लिहू? उषाबाई?"

"उषा कोण?" असं म्हणून त्यांनी भिंग खाली ठेवलं, आणि दिवसभर माझ्याशी अबोला धरला.

पत्रिकेत शेवटी माईच गेलं. म्हातारपणी माणसाला कशाचाही राग येतो. परवा बँकेतून फोन आला, "सीमंतिनीजी से बात हो जाएगी?" तर माईंनी "हाँ, बोल रही हूँ" म्हणून त्या मुलीला आपल्या मोतीबिंदूची सगळी हकीकत सांगितली. कार्ड माझं, खातं माझं. त्यांना ऐकू कमी येतं, सगळे फोन आपलेच वाटतात.

९ नोव्हेंबर, रविवार

नुसतं पुढारलेलं असून भागणार नाही, हातात काहीतरी ठोस हवं, म्हणून शालिनीताईंकडे गेले. त्या आमच्याच शाळेत संस्कृत शिकवायच्या. सीमंतिनीचा अर्थ विचारला. मनात होतं, काहीतरी भयंकर निघावं.

त्या म्हणाल्या, "सीमंत म्हणजे केसांमधला भांग. केसांची हद्द जिथे संपते ती रेघ. तशी रेघ जिच्या डोक्यावर आहे ती सीमंतिनी. थोडक्यात, बाई."

"नुसती बाई?"

"नीट विंचरलेली बाई," शालिनीताई म्हणाल्या.

 आजवर मी मुलींना सांगत आले की सीमंतिनी म्हणजे सीमेवर उभी राहून रक्षण करणारी. त्या भरात दोघी तर सैन्यात भरती झाल्या. आता त्यांना कोणत्या तोंडाने कळवू?

शालिनीताईंना विषय मिळाला की सुटका नसते. पूर्वी पोटुशी बायकोचा भांग नवरा साळिंदराच्या काट्याने पाडून द्यायचा, तो एक संस्कारच होता म्हणे, त्यालाही सीमंताचंच नाव. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "साळिंदर आता कुठे मिळणार?" जसं काही तेवढ्यासाठीच अडलं होतं. हे मला कंगवासुद्धा शोधून देत नाहीत.

आरशात पाहिलं. माझा भांग दरवर्षी रुंद होत चालला आहे. शब्दार्थच धरायचा तर आज माझ्याइतकी सीमंतिनी या गावात दुसरी नसेल. श्रुतीच्या डोक्यावर तर भांगच नाही! हा मुद्दा राखून ठेवते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घात झाला.

अपूर्वने माझी थोरवी सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली होती. ती फिरत फिरत हरिशंकरपुरमच्या महिला मंडळात पोचली आणि आज माझं भाषण ठेवलं. विषय, 'माझं नाव माझंच'. माई हट्टाने आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. शेजारी श्रुती.

बोलायला उभी राहिले आणि काय अंगात आलं कोण जाणे. म्हटलं, "बाईला मिळालेलं नाव तिच्याकडून का काढून घ्यायचं? ज्या नावाने ती जगली, ज्या नावाने तिला गावाने ओळखलं, ते एका संध्याकाळी ताटात लिहून दुसरीला देऊन टाकायचं? तिला कोणी विचारतं का?"

"बरोबर!" माई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की माइकसुद्धा कुरकुरला. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्याही त्यांनीच वाजवल्या. भाषण ऐकू आलं नसावं.

मग श्रुती उभी राहिली. डोळ्यांत पाणी. "काकूंनी मला इतकी फ्रीडम दिली ना, इतना तो कोई नहीं करता. म्हणून मी आज सगळ्यांसमोर सांगते, मी स्वतःच्या मर्जीने सीमंतिनी नाव घेणार. ऑफिसात आम्ही चार श्रुती आहोत. श्रुती एम., श्रुती के., एक लंबी वाली श्रुती, आणि मी छोटे बाल वाली. सीमंतिनी कसं एकदम रॉयल लगता है!"

बायकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मलाही वाजवाव्या लागल्या. गळ्यात हार होता, त्यामुळे तोंड थोडं लपलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

श्रुतीला घेऊन दाना ओलीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात गेले. आमच्याकडे नव्या सुनेला नाव घातलेला पेला देतात. माझ्या पेल्यावर 'सौ. सीमंतिनी श्रीपाद' आहे. माईंच्यावर 'सौ. सीमंतिनी सदाशिव'. कडा झिजून पातळ झाल्या तरी माई चहा त्याच पेल्यातून घेतात, दुसऱ्यात दिला तर गार झाला म्हणून परत पाठवतात. सवयीचा परिणाम.

वाटेत मी शेवटचे प्रयत्न केले. "अगं, त्याचा अर्थ नुसता भांग पाडलेली बाई असा होतो. आणि तुला तर..."

"केस वाढतील काकू."

"पोथीतली सीमंतिनी माहीत आहे ना? लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा यमुनेत बुडाला. आणि तुम्ही राहता नोएडाला, यमुनेच्या काठी."

"पण तो परत आला ना? आजी म्हणाल्या. तिने सोमवार केले, हिंमत नाही हारी, म्हणून तीन वर्षांनी पाताळातून घोड्यावर बसून आला. सो रोमँटिक!"

माईंनी तिला कधी सांगितलं हे सगळं? मला तर ही गोष्ट स्वतःच वाचावी लागली होती.

दुकानदाराने मशीन हातात घेऊन विचारलं, "नाम क्या डालना है?"

मी म्हटलं, "श्रुती." श्रुती म्हणाली, "सीमंतिनी."

तो आम्हा दोघींकडे बघत राहिला. "पहले पक्का कर लो बहनजी. एक बार खुद गया तो मिटता नहीं है."

'सीमंतिनी'च पडलं. मशीनचा आवाज दातांत गेला. परत येताना श्रुतीने मला गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, खायला घातली आणि माझा हात धरून रस्ता ओलांडून दिला. एवढ्या चांगल्या मुलीचा राग तरी कसा करायचा? हीच तर मोठी अडचण आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांना सरळ विचारलं, "मी माई झाले तर तुम्हाला काय वाटेल?"

"मला काय वाटायचंय? मी कुठे तुला नावाने हाक मारतो?"

"तुमच्या फोनमध्ये माझं नाव काय लिहिलंय?"

ह्यांनी फोन दाखवला. 'घर'.

मला आधी राग आला. मग जरा बरंही वाटलं. मग पुन्हा राग आला, कारण त्याखालीच लँडलाइनचाही नंबर होता, 'घर २'. ती लाइन बंद होऊन दहा वर्षं झाली.

हे म्हणाले, "एवढं लागतंय तर माईंना सांग, पद्धत मोडा म्हणून."

कशी सांगू? माईंनी काही न बोलता सोडलंच ना? मला आठवतंय, पेढा भरवताना त्यांनी तो बराच वेळ मुठीतच धरून ठेवला होता. थंडीचे दिवस होते. "आजपासून तू" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या, जेवायलासुद्धा बाहेर आल्या नाहीत. पाहुण्यांची दगदग फार झाली होती. त्यांनी जर एवढं सहज दिलं, तर मी कोण अडवणारी?

३ डिसेंबर, बुधवार

उद्या. आरशासमोर पेढा हातात धरून सराव केला. "आजपासून तू." आवाज नीट येतो, पण शेवटच्या शब्दाशी खाली बसतो. पेढा तीन वेळा पडला, शेवटी खाऊन टाकला.

संध्याकाळी शाळेतली जुनी विद्यार्थिनी भेटायला आली, कडेवर मूल. दारातूनच ओरडली, "सीमंतिनी मैडम!" मी धावत गेले. एवढी धावत गेले की तिने विचारलं, "मैडम, सब ठीक है न?"

मी म्हटलं, "एकदम ठीक. फिर से बुलाओ."

तिला वाटलं मी गंमत करते आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

लग्न छान लागलं. संध्याकाळी श्रुतीने माप ओलांडलं, लक्ष्मीपूजन सुरू झालं. देवघरापुढे पाटावर नवरानवरी, मी देवाच्या बाजूला उभी, हातात पेढ्याची वाटी. माईंना गुडघ्यांमुळे भिंतीशी खुर्ची दिली होती. अपूर्वने अंगठीने तांदळात लिहिलं. त्याचं अक्षर पहिल्यापासून वाईट, तरी वाचता येत होतं. गुरुजींनी वाकून पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "सौभाग्यवती सीमंतिनी! सीमंतिनीबाई, पुढे या, देवाला नमस्कार करा."

मी पुढे गेले.

शपथेवर सांगते, ठरवून नाही. नाव घेतलं की पाय निघतात, चौतीस वर्षांची सवय. तिकडे पाटावरून श्रुती उठली. आम्ही दोघी देवापुढे एकमेकींवर आदळलो. मी लाजेने मेल्यासारखी झाले. आणि तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

माई उभ्या राहिल्या होत्या. काठी टेकत, पाहुण्यांना बाजूला सारत त्या पुढे आल्या, आणि त्यांनी पदर खांद्यावरून घेतला.

गुरुजी गडबडले. "अहो आजी, एकच सीमंतिनी हवी आहे."

"एकच आहे," माई म्हणाल्या. "मी. ह्या दोघी नंतरच्या."

 माई माझ्याकडे वळल्या. "मला कोणी विचारलं होतं? पेढा हातात दिला आणि म्हणाले, म्हण. मी म्हटलं. पण मनातून नाही दिलं. तू त्या दिवशी मंडळात बोललीस ना, तेव्हा वाटलं, चला, हिला कळलं एकदाचं. आता हिच्या वेळेला तरी मी गप्प बसणार नाही."

 मी तर माझ्याबद्दल बोलत होते!

संभाजीराव घसा खाकरले. हे छताकडे बघत होते. शेवटी श्रुतीच हसायला लागली, तिच्या त्या खळखळून हसण्याने. "तीन-तीन सीमंतिनी? तो क्या हुआ? ऑफिसात आम्ही चार श्रुती आहोत. सब चलता है!" आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं. "अरे यार, मी इथे पण नंबरातच आले!"

सगळी खोली हसली. गुरुजी म्हणाले, "पण पद्धतीचं काय? पेढा?"

पेढा माझ्या हातातच होता. सराव केलेला. श्रुतीने तोंड उघडलं. मी तिच्या तोंडाशी पेढा नेला आणि म्हटलं, "आजपासून तूही."

आवाज अजिबात बसला नाही.

दुसरा पेढा माईंना दिला. साखर वाढलेली आहे, डॉक्टरांनी बंद केलंय. कोणी अडवलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

पाहुणे गेले. उद्या मुलंही नोएडाला निघतील. अपूर्वने फोनमध्ये आम्हाला क्रमांक दिले आहेत, सीमंतिनी एक, दोन, तीन. हे सगळ्यांत सुखी आहेत, 'अगं' म्हटलं की अजून एकटी मीच जाते. बँकेच्या त्या मुलीचा पुन्हा फोन आला होता. श्रुतीने उचलला आणि विचारलं, "कौन सी वाली चाहिए?" बिचारीने फोन ठेवून दिला.

संध्याकाळी चहा झाला. तिन्ही पेले मी विसळत होते. जुना इतका हलका झाला आहे की पाण्याच्या धारेखाली हातात राहत नाही, मी तो दोन्ही हातांनी धरला होता. तेवढ्यात बाहेरून माईंची हाक आली.

"सीमंतिनी!"

श्रुतीची खुर्ची वाजली. "आले आजी!"

"तू नव्हे. तू बस, तुझं सामान भर." मग पुन्हा, जरा मोठ्याने, "माझी कुठे गेली?"

मी ओल्या हातांनीच बाहेर गेले. "काय हवंय माई?"

माई माझ्याकडे बघत होत्या. भिंग नव्हतं, त्यामुळे त्यांना मी नीट दिसले असेन की नाही, माहीत नाही.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "येतेस का, ते बघितलं."